जुन्या घराचे अंगण : वरून थर मारायचा की मुळापासून नवे काँक्रीट?

बेळगावातील टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, कॅम्प अशा जुन्या वसाहतींत तीस-चाळीस वर्षांपूर्वी केलेली काँक्रीटची अंगणे आता एकामागून एक जवाब देऊ लागली आहेत. कुठे विहिरीच्या कठड्याजवळ काँक्रीट खचले आहे, कुठे आंब्याच्या मुळीने गेटसमोरचा भाग उचलला आहे, तर कुठे पावसाचे पाणी गटाराकडे न जाता उंबऱ्याच्या दिशेने येते. अशा वेळी मेस्त्रीकडून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "वरून दोन इंच मारू या, काय होत नाही."

काम स्वस्तात आणि दोन दिवसांत होते, त्यामुळे हा सल्ला लगेच पटतो. मात्र जुन्या घराच्या बाबतीत तोच सर्वांत महाग पडू शकतो. अंगण बदलायचे म्हणजे फक्त पृष्ठभाग नवा करायचा नसतो. घराचे जोते किती उंच राहणार आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूला जाणार, हे दोन निर्णय त्यासोबतच होतात.

जुने काँक्रीट का फुटते?

पूर्वी अंगण शेणाने सारवलेले असायचे किंवा शहाबादी फरशीचे. सिमेंटचे अंगण नंतर आले. देशात १९८२ पर्यंत सिमेंटवर पूर्ण सरकारी नियंत्रण होते. त्या वर्षी ते अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे गेले. परमिटवर मिळालेले सिमेंट आधी भिंती, स्लॅब आणि गिलाव्याला जायचे, अंगणाच्या वाट्याला उरलेसुरले यायचे. त्यामुळे जुनी अंगणे फोडल्यावर अनेकदा दीड-दोन इंचांचाच थर निघतो, त्याखाली ना सोलिंग ना नीट धुमसलेला मुरूम. माणसांच्या वावराला ते पुरले. आता त्याच अंगणावर कार उभी राहते.

फुटण्याची इतर कारणेही ठरलेली आहेत. सांधे न ठेवता सगळे अंगण एकसंध ओतलेले असते. मिश्रण सैल व्हावे म्हणून पाणी जास्त घातलेले असते. ओतल्यावर दोन-तीन दिवस पाणी मारून मग विसर पडलेला असतो. नळ, ड्रेनेज किंवा केबलसाठी चर खोदून तो नुसत्या मातीने भरलेला असतो. नारळ, आंबा, चिकू यांच्या मुळ्या खालून सरकत असतात. यांपैकी एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण दोन-तीन एकत्र आल्या की काँक्रीट टिकत नाही.

थरावर थर म्हणजे जोते बुडवणे

जुन्या घरांची जोती दगडी असून बहुतेक ठिकाणी दीड ते दोन फूट उंच असतात. अंगणावर दर दहा-पंधरा वर्षांनी दोन इंचांचा थर चढला, तर तीन वेळांत सहा इंच भरतात, म्हणजे एक अख्खी पायरी गाडली जाते. दुसरीकडे रस्त्यांचीही उंची वाढते. डांबरावर डांबर चढत गेले. त्यातच २०१६ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगाव आले आणि शहरातील बरेच रस्ते काँक्रीटचे झाले. रस्ता वर आला म्हणून अंगण वर घ्यायचे आणि अंगण वर आले की घर खड्ड्यात, अशी गत जुन्या गल्ल्यांत जागोजागी दिसते.

याचा परिणाम भिंतींवर होतो. जोत्याजवळ पाणी साचू लागले की ओल वर चढते, आतल्या गिलाव्याचे पोपडे निघतात, भिंतीला लोणा लागतो. मातीच्या मसाल्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतींत तर पायाजवळचा मसालाच भिजून सुटू लागतो. रंग मारून किंवा वॉटरप्रूफिंगचे डबे आणून हे थांबत नाही, कारण चूक बाहेरच्या पातळीत असते.

शिवाय पातळ थर जुन्यावर नीट धरतही नाही. खालच्या काँक्रीटला जिथे तडा आहे तिथेच वर्ष-दोन वर्षांत नवा तडा उमटतो. म्हणून तळ भक्कम असेल, जोते पुरेसे वर असेल आणि खराबी फक्त वरच्या पापुद्र्यापुरती असेल, तरच वरून थर मारण्याचा विचार करावा.

फोडण्याआधी तीन तपासण्या

पहिली आवाजाची. लोखंडी कांबीने किंवा हातोडीने दर दोन फुटांवर ठोकत जावे. भरीव आवाज आला तर तळ धरून आहे, पोकळ आला तर खालची माती बसली आहे. पोकळ जागांवर खडूने खुणा कराव्यात.

दुसरी तड्यांची. केसासारख्या बारीक रेषांनी घाबरू नये. तड्यात नाणे उभे जात असेल किंवा तड्याच्या दोन्ही बाजूंची पातळी वेगळी असेल, तर खालची जमीन हलली आहे.

तिसरी पाण्याची. चार-पाच बादल्या पाणी ओतून ते कुठे जाते आणि अर्ध्या तासाने कुठे साचून राहते, ते पाहावे. हीच तपासणी जोराच्या पावसात फोटो काढून केली तर उत्तम. पुढे मेस्त्रीला समजावताना ते फोटो उपयोगी पडतात.

साधारण ठोकताळा असा की एक-दोन जागीच पोकळ असेल तर तेवढा चौकोन कटरने सरळ कापून बदलावा. एक तृतीयांशाहून जास्त अंगण पोकळ किंवा वरखाली झालेले असेल, तर ठिगळे लावत बसण्यात अर्थ नाही, पूर्ण उखडावे.

आधी पाणी, मग काँक्रीट

बेळगावात वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १,००० चौरस फूट अंगणावर दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी जमा होते, जवळपास एक टँकर. छपराच्या पन्हाळीचे पाणी वेगळेच. ते जायला वाट नसेल तर ते घराकडेच वळते.

म्हणून कामाच्या सुरुवातीला पाणसळ किंवा लेव्हल ट्यूब लावून चार पातळ्या नोंदवाव्यात : उंबरा, जोत्याचा माथा, गेट आणि बाहेरच्या गटाराचा तळ. नवे अंगण जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच, जमल्यास त्याहूनही खाली राहावे. घरापासून बाहेरच्या दिशेने दहा फुटांना दीड ते दोन इंच ढाळ असावा. गटाराचा तळच अंगणाच्या वर गेला असेल, तर कितीही ढाळ देऊन उपयोग नाही. तिथे कडेने जाळीचे छोटे गटार काढून पाणी शोषखड्ड्यात किंवा दुसऱ्या बाजूला न्यावे लागते.

शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी सोडू नये. यावरून होणारी भांडणे पुढच्या पिढीपर्यंत चालतात. गेटसमोर उतरण बांधताना सार्वजनिक गटार बुजवू नये, साफसफाईसाठी उचलता येईल असे झाकण ठेवावे.

आणखी एक मुद्दा विहिरींचा. जुन्या बेळगावात घरोघरी आड-विहिरी आहेत आणि नळाला पाणी नसते तेव्हा अनेक घरे त्यांवरच चालतात. कुंपणापासून कुंपणापर्यंत सगळे अंगण सिमेंटने झाकले की विहिरीत मुरणारे पाणी तुटते. घराला लागून तीन फुटांचा पट्टा आणि गाडीची जागा एवढेच काँक्रीट करून बाकी भागात माती, खडी किंवा पेव्हर ठेवले, तर दोन्ही गोष्टी साधतात. शोषखड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब असावा. गाडी धुण्याचे किंवा मोरीचे पाणी विहिरीच्या बाजूला वळवू नये.

माती कोणती, ते पाहा

एकाच शहरात दोन प्रकारची जमीन असल्याने शेजारच्या वसाहतीत चाललेले काम आपल्याकडे चालेलच असे नाही. पश्चिमेकडे, जांबोटी-खानापूरच्या बाजूला लाल, जांभ्याची माती आहे. ती नीट धुमसली की बसून राहते. पूर्वेकडे आणि शहापूर, वडगावच्या शिवाराकडे काळी जमीन लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचे काँक्रीट कितीही चांगले असले तरी ती त्याला उचलते आणि सोडते.

काळ्या मातीत निदान एक ते दीड फूट माती काढून मुरूम भरावा. तोही एकदम न भरता सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस. घराभोवतीचा तीन फुटांचा पट्टा इथे सर्वांत महत्त्वाचा, कारण पायाखालची काळी माती आळीपाळीने ओली-सुकी झाली की भिंतींना तिरके तडे जातात. नव्याने पेव्हर घालायचे तर काळ्या मातीत ते काँक्रीटपेक्षा सोयीचे पडतात. खचले तर उचलून पुन्हा बसवता येतात.

फोडताना घ्यायची काळजी

नळाची लाइन, ड्रेनेजचा चेंबर, हेस्कॉमची जमिनीखालची केबल आणि गॅसची पाइपलाइन असेल तर ती, या सर्वांच्या जागा आधी खुणा करून घ्याव्यात. काम निघालेच आहे तर जुने गंजके लोखंडी पाइप त्याच वेळी बदलावेत. नवे अंगण झाल्यावर सहा महिन्यांत ते पुन्हा फोडायची पाळी जुन्या पाइपांमुळेच येते.

मातीच्या मसाल्यातील भिंतीजवळ ब्रेकर मशीन चालवू नये. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर कटरने रेघ मारून मधला भाग मशीनने आणि भिंतीलगतचा भाग छिन्नी-घणाने काढावा. कंपाउंड भिंतीच्या पायाखाली एकाच वेळी लांबवर खोदू नये. अंगण उघडे टाकून वळवाच्या पावसाला तोंड देण्याची वेळ आणू नये, कारण उघड्या पायात पाणी भरले तर नुकसान घराचे होते. फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी शिंपडत काम करावे आणि कामगारांना मास्क द्यावेत.

५०० चौरस फूट आणि चार इंच जाडीच्या जुन्या काँक्रीटचे वजन सुमारे ११ टन भरते आणि फोडल्यावर ते अडीच ब्रासच्या आसपास होते, म्हणजे ट्रॅक्टरच्या तीन-चार खेपा. हा राडारोडा नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकण्याची सवय घातक आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात आणि वस्तीत शिरते तेव्हा त्याची झळ याच भागांना बसते. २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनीही असा कचरा रस्त्यावर किंवा गटारात टाकण्यास मनाई केली होती. यातले चांगले तुकडे नव्या अंगणाखाली सोलिंगला वापरले तर खेपाही वाचतात.

काँक्रीट कसे असावे?

तळाला धुमसलेला मुरूम, त्यावर सोलिंग, त्याच्या फटी बारीक खडी-मुरमाने भरून वर प्लास्टिकचा कागद आणि मग काँक्रीट, असा क्रम ठेवावा. पायी वावराला आणि दुचाकीला चार इंच, कारसाठी पाच इंच जाडी घ्यावी. कारच्या जागेत ८ मिमी सळीची आठ-आठ इंचांवर जाळी घालणे चांगले. ही जाळी कव्हर ब्लॉकवर उचलून जाडीच्या वरच्या भागात ठेवायची असते. जमिनीवर नुसती पसरलेली जाळी काही काम करत नाही, फक्त गंजते.

मिश्रण एम-२० घ्यावे, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. ५० किलोच्या एका पोत्याला पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, अशी भारतीय मानक ४५६ मध्ये या मिश्रणाची मर्यादा दिली आहे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. "जरा पातळ करा, लवकर पसरते" ही साइटवरची सर्वांत घातक सूचना असते. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. धुतलेली एम-सँड चालते, पण क्रशरची कच म्हणजे एम-सँड नव्हे. पोत्यावर छापलेला आठवडा-महिना पाहावा, तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट घेऊ नये.

५०० चौरस फूट, चार इंच जाडीच्या कामाला साधारण ३८ पोती सिमेंट, पाऊण ब्रासला थोडी कमी वाळू आणि सुमारे १.४ ब्रास खडी लागते. कंत्राटदाराने २५ पोती सांगितली तर एकतर जाडी कमी आहे किंवा मिश्रण हलके आहे, हे इथेच कळते.

सांधे ठेवल्याशिवाय काँक्रीट ओतू नये. चार इंच जाडीला दर आठ ते दहा फुटांवर सांधा हवा. एकाआड एक चौकटी ओतल्या तर सांधे आपोआप मिळतात. एकसंध ओतले तर दुसऱ्या दिवशीच कटरने एक इंच खोल रेघा माराव्यात. सांधा नाही दिला तर काँक्रीट स्वतःच आपला तडा पाडून घेते, आणि तो आपल्याला हवा तिथे पडत नाही. घराची भिंत, विहिरीचा कठडा आणि चेंबर यांच्याजवळ अर्ध्या इंचाची फट सोडून त्यात थर्माकोल किंवा बिटुमेनची पट्टी घालावी.

वरून सिमेंट भुरभुरून घोटून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. तो पापुद्रा लवकर सुटतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरले की घरातली वयस्कर माणसे घसरून पडतात. ओल्या काँक्रीटवर ढाळाच्या आडव्या दिशेने खराटा ओढून खरखरीत पृष्ठभाग ठेवावा.

त्यानंतरचे काम पाणी मारण्याचे. बाजारातील बहुतेक पोती पीपीसी किंवा स्लॅग सिमेंटची असतात आणि त्यांना मानकानुसार निदान १० दिवस ओलावा लागतो, कडक उन्हाळ्यात १४ दिवस. दिवसातून दोनदा शिंपडून भागत नाही. मातीचे बांध घालून पाणी साठवावे किंवा ओली पोती अंथरावीत. कार तीन-चार आठवडे बाहेरच ठेवावी.

काँक्रीटला पर्याय

पेव्हर ब्लॉकमधून पाणी मुरते आणि दुरुस्ती सोपी असते. भारतीय मानक १५६५८ नुसार वाहने नसलेल्या जागेला ५० मिमी जाडीचे एम-३० ब्लॉक आणि हलक्या वाहनांना ६० मिमीचे एम-३५ ब्लॉक ठरवले होते. घेताना जाडी मोजून घ्यावी. कडेला पक्का कर्ब नसेल तर पेव्हर हळूहळू सरकतात. फटींत गवत उगवते, ते अधूनमधून काढावे लागते.

शहाबादी फरशी जुन्या घराला शोभते आणि उन्हात कमी तापते. कारखाली मात्र ती फुटते, त्यामुळे चालण्याच्या वाटेसाठी ठेवावी. जुन्या अंगणातून निघालेल्या जाड फरश्या फेकू नयेत, कडा घासून त्या पुन्हा लावता येतात.

काम कधी काढावे?

बेळगावच्या हवेत दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ सर्वांत योग्य. ऊन मवाळ असते, विहिरींना पाणी असते आणि पावसाची भीती नसते. एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई आणि वळीव असे दोन्हीकडून अडते. मिरगाच्या तोंडावर घाईने केलेले अंगण हेच पुढे सर्वांत आधी फुटते.

मेस्त्रीशी ठरवताना

बोलणे नुसते 'चौरस फुटाला इतके' एवढ्यावर थांबू नये. काँक्रीटची जाडी, खालचा मुरूम-सोलिंगचा थर, मिश्रणाचे प्रमाण, जाळीची सळी, सांध्यांची संख्या, राडारोडा कोण उचलणार आणि पाणी कोण मारणार, या सात गोष्टी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सगळे पैसे आधी देऊ नयेत. तळ तयार झाल्यावर एक हप्ता, काँक्रीट ओतल्यावर दुसरा आणि पाणी मारण्याची मुदत संपून बादलीची तपासणी झाल्यावर शेवटचा, अशी विभागणी दोघांनाही बरी पडते. चौकटीच्या फळीची उंची टेपने मोजली की जाडी कळते, त्यासाठी इंजिनियर लागत नाही. भिंतीला तिरके तडे असतील किंवा पाया खचल्यासारखा वाटत असेल, तर मात्र अंगणाला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवावे.

इतर गावांतील मराठी घरांसाठी

हीच तत्त्वे सगळीकडे लागू असली तरी भर कशावर द्यायचा ते गावागणिक बदलते. गोव्यात पाऊस बेळगावच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे ढाळ जास्त आणि पृष्ठभाग खरखरीत हवा. चिऱ्याच्या भिंतींना तळाची ओल लवकर लागते, म्हणून जोत्याची उंची तिथे अधिकच सांभाळावी. इंदूर आणि बडोद्यात काळी माती हीच मुख्य अडचण, तिथे मुरमाच्या भरावावर खर्च करावा, काँक्रीट जाड करून भागत नाही. हैदराबादेत मुरमाची जमीन बऱ्याच ठिकाणी चांगली साथ देते आणि तांदूर, शहाबादचा दगड जवळच्याच पट्ट्यातून येतो, त्यामुळे फरशीचा पर्याय तिथे विचारात घेण्यासारखा आहे.

खर्चाचा हिशेब करताना एवढे ध्यानात ठेवावे. अंगण उखडून नवे करण्याचा खर्च थर मारण्यापेक्षा जास्त येतो, हे खरे. पण थराच्या हिशेबात ओल आलेल्या भिंतीचा गिलावा, दर दोन वर्षांचा रंग आणि गाडली गेलेली पायरी कोणी धरत नाही. ते धरले की स्वस्त काम कोणते, याचे उत्तर बहुतेक घरांत बदलते.